‘वापराच्या खुणा’: टिलबर्गजवळच्या एका शेडपर्यंतची सफर

नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत, बर्फ पडला तर दुपारपर्यंत चिखल होतो, आणि तरीही इथे जुन्या स्नोमोबाइल विकत मिळतात. स्वीडनमध्ये हौसेने घर घेतलेली काही डच मंडळी कालांतराने ते विकून परत येतात आणि बर्फावर चालणारे हे वाहनही ट्रेलरवर लादून घेऊन येतात. मग ते एखाद्या शेडमध्ये गिऱ्हाइकाची वाट पाहत पडते.

ही माहिती मला हृषीकेशने दिली. तो आणि त्याची बायको केतकी रायस्वाइकला आमच्याच इमारतीत राहतात. स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात तो सॉफ्टवेअर लिहितो. यंदा त्याने एका सहकाऱ्याबरोबर भागीत उत्तर स्वीडनमध्ये तळ्याकाठी लाकडी घर घेतले. हिवाळ्यात त्या घराचा रस्ता बर्फाखाली जातो. दूध आणायचे झाले तरी गोठलेले तळे ओलांडून पलीकडच्या गावात जावे लागते. पुढे हृषी, मागे केतकी, आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत दुसरा माणूस नाही, अशी ती सफर असणार होती. मी डेल्फ्टला धातूंचा अभ्यास केला आणि भेगा शोधणे हेच माझे पोटापाण्याचे काम आहे. त्यामुळे ‘टिलबर्गजवळ एक स्नोमोबाइल विकायला आहे, बघायला येशील का?’ असे त्याने विचारताच मी उत्साहाने होकार दिला.

शनिवारी सकाळी खाली उतरले, तर भाड्याच्या गाडीला ट्रेलर जोडून तयार होता. माझी पहिली चिडचिड तिथेच झाली. नुसते बघायला निघालेल्या माणसाला ट्रेलर कशाला लागतो?

“परत कोण येणार एवढ्या लांब?” हृषी म्हणाला.

“म्हणजे मी नुसती सही करायला येतेय,” मी म्हटले. केतकी मागच्या सीटवरून हसली. ती हसली याचाही मला राग आला.

रस्ता सोपा आहे. रॉटरडॅमवरून ब्रेडाकडे जायचे आणि पुढे टिलबर्गचा फाटा घ्यायचा. ट्रेलर मागे असला की महामार्गावरही ताशी नव्वदची मर्यादा असते, म्हणून वेळ हाताशी ठेवून निघा. मुर्डाइकच्या लांबलचक पुलावर रिकामा ट्रेलर वाऱ्याने असा काही हलतो की गप्पा आपोआप थांबतात. ट्रेनने यायचे असेल तर डेल्फ्टहून थेट टिलबर्गची गाडी मिळते, पण स्टेशनपासून पुढे शेतांमधल्या वस्तीपर्यंत सायकल भाड्याने घ्यावी लागेल. वाटेत एका बेकरीत ब्राबांटची खासियत असलेला सॉसेज भरलेला पाव मिळाला. तो हृषीने खाल्ला. माझ्यासारख्या शाकाहारी मंडळींनी घरून पोळीभाजी न्यावी. केतकीने बटाट्याची आणली होती आणि ती थंडही उत्तम लागली.

गाडीत केतकीने जाहिरात वाचून दाखवली. तिचे डच आम्हा दोघांपेक्षा कितीतरी चांगले आहे. इंजिन उत्तम, पट्टा नवा, आणि शेवटी एक शब्द: खेब्राउक्सस्पोरन. म्हणजे वापराच्या खुणा. या देशात जुने टेबल विका, सायकल विका, लहान मुलाची खुर्ची विका, हा शब्द जाहिरातीत असतोच. टेबलावरच्या कपाच्या डागासाठी तो अगदी योग्य आहे.

शेडचा मालक विम हसतमुख होता. त्याने आम्हाला कॉफी दिली आणि सगळी माहिती हृषीला इंग्रजीतून सांगायला सुरुवात केली. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरे हृषीला मिळत होती.

वाहन निळे होते, धुऊनपुसून चकचकीत केलेले. डाव्या अंगाला उड्या मारणाऱ्या हरणाचा मोठा स्टिकर होता. हृषीच्या चेहऱ्यावरून कळले की त्याच्या मनात ते तळे ओलांडूनही झाले होते.

अशा ठिकाणी काय पाहावे ते शांतपणे सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी ना कुणी असे वाहन घेईलच. स्नोमोबाइलचा सांगाडा समजायला अवघड नाही. सीटखाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याची उलटी पन्हाळ असते, तिला टनेल म्हणतात. बर्फ मागे ढकलणारा रबरी पट्टा तिच्याखाली फिरतो. पुढच्या टोकाला मजबूत चौकट असते आणि तिला दोन्ही स्कींचे हात जोडलेले असतात. सगळे पत्रे रिव्हेटने एकत्र बांधलेले असतात. पट्टा झिजतो, स्कीखालची पट्टी झिजते, सीटचे कापड विरते. ही झीज. ती बदलून मिळते आणि त्यात कुणाचा दोष नसतो. सांगाडा वाकला किंवा तडकला, तर मात्र बाकी सगळे भाग ज्याच्या भरवशावर उभे आहेत तोच आधार गेलेला असतो.

म्हणून आधी टेप घ्यावी. मागच्या आसापासून डाव्या स्कीच्या बोल्टपर्यंत आणि मग उजव्या स्कीच्या, अशी दोन मापे घ्यावीत. ती सारखी यायला हवीत. इथे डावे माप अंगठाभर कमी आले. मग रिव्हेट पाहावेत. रिव्हेट सैल झाला की तो भोकात घासत राहतो आणि त्याच्याभोवती काळपट भुकटी जमते, काजळ फिस्कटावे तशी. उजव्या बाजूचे रिव्हेट स्वच्छ होते. डाव्या बाजूला, स्टिकरच्या कडेने, काजळ फिस्कटलेले होते.

“मॅडमची तोंडी परीक्षा सुरू झाली,” हृषी केतकीला म्हणाला.

मी विमला स्टिकर काढायला सांगितले. रंग निघेल, असे तो हृषीला म्हणाला. ठीक आहे. स्टिकर बाहेरून लावता येतो, आतून कुणी लावत नाही. मी जमिनीवर पाठ टेकली, मागून टनेलखाली टॉर्च धरली आणि हातातला छोटा आरसा तिरका केला. आतला पत्रा रंगवलेला नव्हता. हरणाच्या बरोबर मागे, पट्ट्याला आतून पेलणारा, धक्के झेलणारा झोपाळा जिथे बोल्टने टनेलला जोडतात, त्या भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत एक बारीक काळी रेघ गेली होती. नखाने चाचपली, तर नख अडकले.

केतकीला खाली बोलावून मी ती दाखवली. ती बराच वेळ आरशात बघत राहिली.

विम म्हणाला, ते थंडीमुळे होते, उत्तरेत सगळ्याच वाहनांना होते. इथे माझा संयम संपला. काही प्रकारचे पोलाद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होते हे खरे. ॲल्युमिनियम तसे होत नाही. त्याला मारतो तो थकवा. डब्याची तारेची कडी एकदा वाकवली तर काही होत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की एक दिवस तुटून हातात येते, तसा. हे वाहन कुणीतरी उंचवट्यांवरून उडवले होते, प्रत्येक वेळी डाव्या अंगावर आपटले होते, आणि त्याचा दोष बिचाऱ्या हवामानावर ढकलला जात होता. हे सारे मी विमला समजावून सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि हृषीकडे वळून विचारले, “सो, यू टेक इट?”

आणि हृषी मला मराठीत म्हणाला, “एक हिवाळा तरी चालेल ना गं?”

चालेल! आपल्या भाषेत याहून सोयीचा शब्द नाही. चहात साखर नसली तरी चालेल, बैठक पुढे ढकलली तरी चालेल. वाहन चालेल आणि आपल्याला चालेल, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बसवून आपण मोकळे होतो. डचांचा तो एक शब्द आणि आपला हा एक, दोन्ही जुळले की तडकलेला सांगाडा आनंदाने हात बदलतो.

“चालेल,” मी म्हटले, “तळ्याच्या मध्यापर्यंत.”

उत्तर केतकीने दिले, पण हृषीला नाही. ती उठली, कपडे झटकले आणि विमला डचमध्ये म्हणाली की जाहिरातीत ‘वापराच्या खुणा’ऐवजी ‘टनेलला तडा’ असे लिहा. तसे लिहिले तर कुणीच घेणार नाही, विम म्हणाला.

“प्रिसीस,” ती म्हणाली. अगदी बरोबर.

मग नवऱ्याकडे वळून मराठीत: “तुझ्या मागे मी बसणार आहे, हृषी. मला नाही चालणार.”

आम्ही रिकामा ट्रेलर घेऊन परतलो. तो भरलेल्यापेक्षा जास्त खडखडतो. ब्रेडा मागे पडले. मग हृषी म्हणाला की पुढच्या शनिवारी आणखी एक बघू, आणि ट्रेलर नंतर आणू.

घरी आल्यावर मी विमला सविस्तर संदेश पाठवला, तड्याच्या फोटोसकट. उत्तर आले नाही. चार दिवसांनी केतकीने मला जाहिरात दाखवली. वापराच्या खुणा जागच्या जागी होत्या. खाली एक नवी ओळ होती: ‘नुकतीच इंजिनिअरकडून तपासणी झालेली.’

शब्दशः हे खोटे नाही, आणि म्हणूनच ते वाचून मला झोप लागली नाही. मी जाहिरातीच्या संकेतस्थळाकडे तक्रार केली. त्यावर कार्यवाही होण्याआधीच जाहिरातीवर ‘विकले’ असा शिक्का आला.

हृषी-केतकीने पुढे दुसरे वाहन घेतले. त्याच्या सीटला चिकटपट्टी आहे, पण टनेलच्या आत एकही रेघ नाही. माझ्या मनात मात्र ते निळे वाहनच राहिले आहे. ज्याने ते घेतले त्याला मराठी येत असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तरीही लिहिते, कारण तपासणारी इंजिनिअर मीच होते. उत्तरेत कुठेही असाल, पुढे कुणी असो वा मागे, तळ्यावर जाऊ नका. डाव्या अंगाला हरणाचा स्टिकर आहे. तो काढून बघा.