शेठलोकांचं दुखणं

हार्टअटॅक कुणाला येणार, हे आमचे बाबा पोट आणि पगार बघून सांगत. ते अंबरनाथच्या कारखान्यात लेथ चालवायचे. तिथं पहिला नंबर मॅनेजरचा, दुसरा सुपरवायझरचा. उभ्यानं काम करणाऱ्याला कधीच नाही. गावाकडच्या, चामटोलीच्या आमच्या भावकीला तर नाहीच नाही. तिथली माणसं छातीत वारं धरून जात, आणि बाबांच्या मते तो निराळा आजार.

आम्ही उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहायचो. शेजारचे सिंधी कापडवाले शेठ बाबांचे जिगरी दोस्त. सकाळी शेठ तेलकट दाल-पकवान घेऊन बसले की बाबा बिडी शिलगावत म्हणायचे, "खाऊन घ्या शेठ, पुढचा नंबर तुमचाच." शेठ हसायचे, पण घास घशातच राहायचा. मला बाबांचा रागही यायचा आणि हसूही.

एकदा डॉक्टरांनी शेठना कार्डिओग्राम काढायला सांगितलं. शेठची पाचावर धारण बसली. धीर द्यायला बाबा गेले, बाबांना आवरायला मी. तारा बघून शेठ टेबलावर चढेचनात.

"साईं, करंट लगेगा तो?"

बाबांनी सरळ शर्ट काढला. "डॉक्टरसाहेब, आधी माझा काढा. शेठला बघू द्या." टेबलावर पडल्या पडल्या त्यांनी मला डोळा मारला. मग शेठही कसेबसे झोपले.

डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या. शेठ ठणठणीत होते. बाबांना मात्र एक अटॅक येऊन गेला होता.

बाबा खो खो हसले. "अदलाबदल झाली साहेब. आमच्यात नसतं ते." शेठनाही ते इतकं पटलं की त्यांनी रडायलाच सुरुवात केली. वैतागून डॉक्टरांनी बाबांची पट्टी पुन्हा काढली. ती तशीच निघाली.

"छातीत कधी दुखलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागं एकदा वारं धरलं होतं. ओवा खाल्ला नि ड्युटीवर गेलो."

"घरात आणखी कुणाला?"

"आमच्या बापाला. शेताच्या बांधावर..." बाबा बोलता बोलता थांबले. त्यांचा हात छातीवर गेला होता. ते शेठकडे वळून म्हणाले, "आम्ही त्याला ओवा चारत बसलो हो, शेठ."

शेठनी बाबांच्या शर्टातलं बिडीबंडल काढून स्वतःच्या खिशात घातलं. बाबांनी ते परत मागितलं नाही.