तांब्याची कांडी

तुळसाक्का गेली हा निरोप मला बेळगावच्या खडेबाजारातल्या एका वाद्यांच्या दुकानात मिळाला. पिरनवाडीच्या एका शाळामास्तरांना इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती आणि ते मला सल्ल्याला घेऊन आले होते. दुकानदारानं समोर चकचकीत लाल गिटार ठेवली होती. डोक्यावर एका बड्या विलायती कंपनीचं नाव, पण त्याच कंपनीनं कुठल्यातरी तिसऱ्याच देशात स्वस्तात करून घेतलेली. मास्तर विचारत होते, "खरी काय आपल्याला झेपत न्हाय. ही घेतली तर चालंल न्हवं?" मी तोंड उघडणार, इतक्यात वडगावच्या आमच्या गल्लीतला एकजण सायकल टेकवून आत आला. "आक्का गेली सकाळी," एवढंच म्हणाला... मी मास्तरांना काही न बोलता तसाच बाहेर पडलो. त्याला आता दीड महिना झाला. मास्तरांना उत्तर द्यायचं राहिलंय, आणि आणखी एक गोष्ट राहिलीय, ती त्याहून बरीच जुनी आहे.

गेलेल्या माणसाविषयी शांतपणे लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही. आक्काविषयी माझ्या मनात मायाच आहे, पण बाकीच्यांची मी गय करणार नाही, आणि त्या बाकीच्यांत पहिला नंबर माझा आहे.

मी मच्छेच्या एका कारखान्यात टर्नर होतो आणि वडगावात आक्काच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. तिचा नवरा, आप्पा, हातमागावर साड्या विणायचा आणि आक्का सोप्यात रहाटावर बसून त्याच्यासाठी कांड्या भरायची. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. एका हातानं रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतनं सूत सोडायचं, आणि तोंडानं गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायची, अशी तिची तिन्ही कामं एकदम चालायची. मी ड्यूटीवरनं आलो की हाक यायची, "आलास व्हय? आज किती लोखंड खाऊन आलास?" सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. मनोहरराव म्हणून एकांचा ऑर्केस्ट्रा होता, त्यात मी दुसऱ्याची मागून आणलेली गिटार वाजवायचो. स्वतःची नाही म्हटल्यावर तिथं माझी किंमत स्टेजवर खुर्च्या मांडणाऱ्याएवढीच.

गोव्याचा एक गिटारवाला एकदा बेळगावला कार्यक्रमाला आला होता. त्याची गिटार अस्सल विलायती. तो जेवायला बसला तेवढ्यात त्याला विचारून मी ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठेवली आणि पेन्सिलीनं कडेकडेनं उतरवून घेतली. मागाचं काम करणाऱ्या सुतारानं आप्पाच्या मोडीत निघालेल्या मागाच्या सागवानातनं तसंच अंग कापून दिलं. लोखंडी भाग मी लेथवर केले, लोहचुंबक सायकलच्या डायनामोतला काढला. राहिली ती कॉइल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, या गिटारच्या तारांखाली चुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. आवाज तिथून येतो. बाकी सगळं नुसतं लाकूड नि लोखंड. स्कूटरच्या जळक्या कॉइलमधनं मी तशी तार सोडवली, पण गुंडाळायला गेलो की तुटायची. आठ दिवस तेच चाललं होतं. शेवटी आक्का रहाटावरनं ओरडली, "काय रं, किती तोडतोस? तुझी बोटं काय पक्कड हायत व्हय? आण हिकडं!"

तिनं ते माझं चौकट-चुंबकाचं खोडकं रहाटाच्या चातीवर, म्हणजे फिरत्या सळईवर बसवलं आणि कांडी भरतात तशी तार भरायला घेतली. शंभर वेढ्यांना एक चिंचोका बाजूला काढायचा. पहिली कॉइल पुरी झाली, जोडून बघितली तर गिटार मुकी! मग उलगडा झाला. तार मधे तीनदा तुटली होती आणि आक्कानं ती सूत सांधतात तशी चिमटीत पीळ देऊन सांधली होती. तांब्यावरचा लाखेचा थर खरवडल्याशिवाय वीज पुढं जात नाही हे तिला कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं. मी कपाळाला हात लावला, पण तिनं सगळी तार उलटी सोडवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. या वेळी तुटली की मला हाक, मी खरवडून कथलाचा डाग लावायचो, ती पुढं भरायची. तिनं कांडीच्याच सवयीनं तार खालीवर, खालीवर तिरकी नेली होती. एका रेडिओ मेकॅनिकनं ते बघून नाक मुरडलं, "ट्रान्सफॉर्मरला वेढ्याला लागून वेढा असतोय. हे कावळ्याचं घरटं हाय." घरटं तर घरटं! त्या घरट्यातनं जो आवाज निघाला तो ऐकून मी खाली बसलो. गोड, भरदार, आणि जोरात वाजवलं तर जरा खरखरणारा, थेट आक्कासारखा. ती म्हणाली, "तांब्याची कांडी बोलाय लागली की गं बाई!" तिला काही देऊ केलं तर घेतलं नाही. म्हणाली, "माईकवर एकदा सांग, ह्यातली कांडी वडगावच्या तुळसाक्कानं भरली म्हून. आमच्या कांडीचं नाव कोण घेतंय? लुगडं नेसणारी न्हाय घेत, इकणारा न्हाय घेत. तू घे." मी म्हटलं, "शब्द दिला आक्का."

शब्द! माझ्या शब्दाला काय चाटायचंय? वर्षभरात विणकरांच्या संस्थेनं आमच्याच गल्लीच्या तोंडाशी मांडव घातला, दुपारी चारला आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. आक्का नवी साडी नेसून पहिल्या ओळीत बसली होती. शेजारणींना तिनं आधीच सांगून ठेवलं असणार, कारण सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मनोहररावांनी माईक घेतला आणि माझ्याकडं हात करून म्हणाले, "आता ऐका, खास आपल्या ऑर्केस्ट्रासाठी जर्मनीहून मागवलेली गिटार!" टाळ्या पडल्या. माझ्यापुढं दुसरा माईक होता, हातभर अंतरावर. एक वाक्य बोलायचं होतं. मला वाटलं, मालकाला खोटं पाडलं तर जागा जाईल... आणि खरं सांगायचं तर ते जर्मनी ऐकायला मला बरंही वाटलं. मी मान लववून टाळ्या घेतल्या. शेण खाल्लं.

घरी गेलो तर ती रहाटावर बसली होती, नव्या साडीतच. "जर्मनीची म्हणं गिटार," म्हणाली. "मग वडगावातनं जर्मनीला कुठली बस जातीय रं? आमास्नीबी सांग, यल्लम्माच्या वाटंवर लागत असंल तर उतरून येतो." आणि हसली. "च्या ठेवलाय, घे." तिला रागावता येत नव्हतं असं नाही, लई चांगलं येत होतं, सूत खराब दिलं म्हणून तिनं एका व्यापाऱ्याला गल्लीबाहेर पळवलेलं मी बघितलंय. माझ्यावर मात्र रागावली नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी सुधारलो असतो!

पुढं खोटं अंगाशी यायला लागलं. कोल्हापूरकडचे वादक जवळ येऊन बघायचे आणि विचारायचे, नाव कुठाय हो हिच्यावर? मग मनोहररावांनी आखाती देशातल्या कुणा पाहुण्याकडनं गिटार मागवली, मास्तरांपुढं ठेवली होती तसलीच, मोठ्या नावाची, हलक्या दर्जाची. मी ती घेतली. निपाणीला कॉलेजच्या गॅदरिंगला पहिल्यांदा वाजवली तर आवाज पत्र्याचा, आणि हात उचलला की घूंऽऽ अशी घुमायची. मे महिन्याच्या उन्हात तिची मान वाकली ती वाकलीच. तरी पहिल्या ओळीतली पोरं नाव बघूनच तोंड वासायची. अरे, कसलं डोंबलाचं नाव! लाकूड कुणाचं, हात कुणाचा, ह्याचा पत्ता नाही, आणि आम्ही अक्षरं मिरवतोय. आक्काची गिटार मी तिच्या दारात नेऊन ठेवली. म्हटलं, "ही असू दे तुझ्याकडं." "बरं," म्हणाली. पुढं माझं लग्न झालं, मी खोली सोडली, कंग्राळीला राहायला गेलो. वर्षातनं एकदा जाणं व्हायचं, तेही उभ्याउभ्या.

तेराव्यानंतर संस्थेनं शोकसभा ठेवली, तीही त्याच मांडवाच्या जागी, आता तिथं त्यांचा हॉल आहे. मनोहरराव आले होते. बोलायला उठले आणि म्हणाले, "तुळसाक्का अत्यंत साध्या. आमच्या कलाकारांना त्या फार मायेनं चहा पाजायच्या." चहा! त्या बाईच्या हाताच्या आवाजावर यांनी सहा वर्षं गावोगाव कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेतल्या, आणि तिच्या नावावर काय मांडलं, तर चहा! मी उठलो, त्यांच्या हातातला माईक अक्षरशः ओढून घेतला आणि ओरडलो, "ती गिटार जर्मनीची नव्हती! त्यातली कांडी तुळसाक्कानं भरली होती!" कुणाला काही कळलं नाही. कोण गिटार, कसली कांडी... एका कार्यकर्त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, "बसा, बसा, दुःख हाय, समजतंय." मनोहररावांनी मान हलवून त्याला दुजोरा दिला.

तिथून मी आप्पाकडं गेलो. माग बंद होता. रहाटावर अर्धी भरलेली लाल सुताची कांडी तशीच होती. आणि वर खुंटीला, साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली गिटार. मी कापड बाजूला केलं. तारांवर गंज नव्हता, कुणीतरी तेलाचं बोट फिरवत आलं होतं. तांब्याच्या कांडीवरच्या झाकणाला कुंकवाचे थरच्या थर बसले होते. "दर खंडेनवमीला," आप्पा म्हणाला, "माग, धोटा, रहाट, आन् ही. रांगंत मांडायची. मला म्हणायची, त्याला बोलवा की हो, पूजंला एकदा वाजवून जाऊ दे. मी म्हणायचो, त्यो जर्मनीवाला, त्यो कशाला येतोय हितं?"

हात आपसूक खुंटीकडं गेला. वाटलं, घरी नेऊ, निदान आता तरी हीच वाजवू. आप्पानं माझं मनगट धरलं. या वयातही विणकराची पकड आहे.

"ऱ्हाऊ दे. तुझी न्हवं ती."

"आप्पा, मी आत्ता सभेत सांगून आलो सगळ्यांना..."

"ऐकलो की. हितवर आवाज आला." त्यानं गिटारवर कापड पुन्हा नीट ओढलं. "लोकांस्नी सांगितलास. तिला कुठं सांगितलास? खंडेनवमीला ये. रहाटापुढं बस, तिचं नाव घे, आन् वाजीव. माईक नगं."