मालेच्या आजींचे पाय

शाळा मी सातवीत सोडली. आई अंथरुणाला खिळली होती आणि तिचं करायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पिरंगुटला ही गोष्ट मी कुणाला सांगत नसे. जालन्याकडून इतक्या लांब येऊन कंपनीत पॅकिंगला लागले, तिथं सगळ्या दहावी-बारावी झालेल्या. पण एकदा खोलीच्या मालकीण काकूंशी बोलता बोलता तोंडून निघून गेलं, की आईच्या पायाची नखंसुद्धा मीच कापायचे. काकू लगेच म्हणाल्या, "मग माझ्या आईची कापशील का? कुणाला हातच लावू देत न्हाई ती."

काकूंची आई माले गावात, मुलाकडे. साखरेचा आजार. अंगठ्याचं नख वळून मांसाला टेकलं होतं, पाय जमिनीवर ठेववत नव्हता. डॉक्टरांनी नखं कापून घ्या म्हणून सांगितलेलं, पण दवाखान्यात पाय दाखवायला आजी तयार नव्हत्या. मागच्या दारी संडासाला जायचं तर सुनेनं उचलून न्यायचं. त्या लाजेपायी आजी दिवसभर पाणीच पीत नव्हत्या.

हो म्हटलं आणि माझा जीव टांगणीला लागला. रक्त निघालं तर? साखरेच्या पायाची जखम भरत नाही, हे आईच्या आजारपणात पाहिलं होतं. त्यात मला सुट्टी गुरुवारी, आणि आमची प्रार्थनासभाही गुरुवारीच. आमच्या चर्चच्या पाळकांना भीत भीत फोन केला. ते म्हणाले, "जा तू. नेलकटर उकळून घे मात्र."

गुरुवारी काकूंबरोबर मालेला गेले. आजींनी मला बघितल्या बघितल्या विचारलं, "गुरवारी नखं कापत न्हाईत, ठाव न्हाई व्हय तुला?"

मी म्हटलं, "आजी, मला सुट्टीच गुरुवारी असते."

"मग काय," त्या म्हणाल्या, "देवालाबी आता कंपनीचा टायम बघाय लागंल." आणि पाय पुढं केला. फक्त एकच. दुसरा लुगड्याखाली.

काकूंनी घमेल्यात कोमट पाणी आणून दिलं. मी त्यात मीठ टाकून पाय भिजत ठेवला.

"कुणाची गं तू?"

हा प्रश्न येणार, याची मला बसमध्ये बसल्यापासून धास्ती होती. "ख्रिस्ती," मी म्हटलं.

"मग आमच्या पायाला हात लावून तुमास्नी पुण्य लागतं का काय?"

"पुण्याचं नाही, आजी. येशूनं तसं करायला सांगितलंय. त्यानं स्वतः शिष्यांचे पाय धुतले होते."

"गुरू असून?"

"हो."

आजी घमेल्यातल्या पाण्याकडं बघत राहिल्या. "आन त्येंनी धुऊ दिलं?"

"एक जण आधी नको म्हणाला."

"म्हननारच की. लाज वाटती, बाई." मग लगेच, "नखंबी कापली व्हती का त्यानं?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"कापली आसतील," त्या म्हणाल्या आणि दुसरा पायही पाण्यात ठेवला.

पाय धुण्याची ही गोष्ट मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. चर्चमध्ये पाळक पाय धुताना दर वर्षी बघितलं, पण माझं लक्ष कायम धुणाऱ्याकडं. पाय पुढं करणाऱ्याला काय होत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. आजींनी ते एका दमात ओळखलं.

तासभर लागला. भिजलेलं नख मी तिळातिळानं कापत गेले, नेलकटरच्या कानशीनं घासत गेले. मांसाजवळ आल्यावर माझा हात थांबला.

"थांबलीस का? मी काय रडतीया व्हय?"

शेवटचा तुकडा सुटून आला. खाली कातडी लालभडक, पण अखंड. रक्ताचा थेंब नाही.

आजी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. काकूंनी पुढं केलेला हात त्यांनी बाजूला सारला. एकेक पाऊल पूर्ण टेकवत मागच्या दारी संडासात गेल्या आणि आतून कडी लावून घेतली. काकू तोंडाला पदर लावून बाहेर उभ्या, आणि मी मनात घोकत होते, देवा, पडू देऊ नको.

"दाराशी काय हुब्या ऱ्हायलाय गं दोघी?" आतून आवाज आला. "जावा की तिकडं."

आम्ही चार पावलं मागं सरकलो. माझे हात अजून त्या मिठाच्या पाण्यानं ओले होते, ते पुसावेसे वाटेनात.