पोलिसात कळवलं का?

माझा जन्म होताना मला काही क्षण श्वास मिळाला नाही, म्हणून मी अशी आहे. चालताना डावा पाय ओढला जातो, डावा हात छातीशी मुडपलेला असतो, आणि बोलताना शब्द जिभेवर अडखळत, लांबत बाहेर येतात. नागपुरात शिकले, मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. तिथेच भेटलेल्या मुलाशी लग्न केलं. लोकांच्या नजरांची सवय झाली आहे असं मी समजत होते.

दिवस राहिले तेव्हा पहिल्या तपासणीला सासूबाई सोबत आल्या. नवऱ्याला त्या सकाळी ऑफिसातून निघता येणार नव्हतं. सासूबाई मूळच्या भिवापूरच्या, लग्नानंतर दोन वर्षं आम्ही एकत्रच राहत होतो. सकाळी त्यांनीच माझी वेणी घातली. रिक्षात बसताना माझा हात धरला आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. त्यांना आनंद लपवता येत नव्हता.

दवाखान्यात सिस्टरनं माझं वजन घेतलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. पाळी कधी चुकली, ते सासूबाईंना विचारलं. उत्तर मी दिलं. तिनं पुन्हा सासूबाईंकडेच पाहिलं. हेही नेहमीचंच. मग ती त्यांच्याजवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पोलिसात कळवलं का?"

मला आधी काही कळेना. वाटलं, बाहेर कुणाचा अपघात झाला असेल. सिस्टरच्या चेहऱ्यावर खरीखुरी कळकळ होती. त्या कळकळीकडे पाहता पाहता मला उलगडलं. माझ्यासारखीच्या पोटात मूल आहे म्हणजे कुणीतरी माझ्यावर जबरदस्ती केली असणार, असं ती धरून चालली होती. गळ्यात मंगळसूत्र होतं. ते तिला दिसलं नाही, की दिसूनही खरं वाटलं नाही, कोण जाणे.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "नाही, लगन झालं आहे हिचं." आणि मान खाली घातली.

डॉक्टरीण बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी कागद चाळले आणि सासूबाईंना शांतपणे सांगितलं की अजून वेळ आहे, पाडून घेतलेलं बरं; हिला हे झेपायचं नाही आणि शेवटी सगळं तुमच्यावरच येईल. मला काय त्रास होऊ शकतो, बाळाला काय होऊ शकतं, यातलं काहीच त्यांनी तपासलं नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "हो बेटा, झालंच आता."

मी बत्तीस वर्षांची होते.

घाबरले की माझी जीभ जास्तच अडकते. तरी मी वाक्य पुरं केलं. "मूल मला हवंय. तुम्ही माझ्याशी बोला." बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं, मी काय म्हटलं ते त्यांनी समजावून सांगावं अशा अपेक्षेनं. सासूबाई पर्सच्या चेनशी चाळा करत राहिल्या. मी उठले आणि बाहेर आले.

घरी आलो. त्यांनी पाणी आणून दिलं, तेव्हा मी विचारलं की ती सिस्टर तसं बोलली, डॉक्टर तसं बोलल्या, तर तुम्ही गप्प का बसलात?

त्या दचकल्या. "पोलिसाचं? ते समजलं तुले?"

"म्हणजे?"

"मले वाटलं, तुले समजलंच नसन. मंग उगाच काहून बोलावं, म्हणून चूप राहिली."

"आई, मी तिथेच बसले होते."

"होतीस ना वं. पण अशा गोष्टी तुझ्यापर्यंत पोचत असतील, असं मले वाटतच नव्हतं."

दवाखान्यात जे झालं ते परक्यांनी केलं होतं. हे मात्र घरातलं होतं. त्यांनी घातलेल्या वेण्या, माझ्या ताटात कुस्करून ठेवलेली भाकरी, माझ्यादेखत बहिणीशी फोनवर माझ्याबद्दल मोकळेपणानं केलेल्या गप्पा, सगळं एकदम नीट दिसायला लागलं. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. ते एका लहान मुलीवर होतं, आणि ती मुलगी घरात कुठेच नव्हती.

मी रडले नाही. मला जे जे समजतं ते त्यांना सांगत बसले. लग्नाआधी ‘ही नको’ म्हणून त्यांनी मुलाला कसं समजावलं होतं, तेसुद्धा. त्या ऐकत राहिल्या. चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाल्या, "इतकं सारं समजत होतं, मंग बोलली काहून नाहीस?" मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाही.

संध्याकाळी नवरा आला. ऐकून तो तडक दवाखान्यात जायला निघाला. मी त्याला थांबवलं आणि तक्रार स्वतः लिहून पाठवली. गैरसमज झाल्याबद्दल खेद आहे, असं उत्तर आलं. नवऱ्याला उद्देशून.

दुसऱ्या डॉक्टरीण बाई मिळाल्या. त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "मला एखादा शब्द कळला नाही तर पुन्हा विचारीन, चालेल?" मी हो म्हटलं. त्यांनी धोके सांगितले, काळजी काय घ्यायची ते सांगितलं. त्या माझ्याशी बोलल्या. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या.

मुलगी झाली. सुरुवातीला मी तिला घेतलं की सासूबाईंचे हात माझ्या हातांखाली येत. मी नको म्हटलं की मागे घेत, आणि विसरून पुन्हा पुढे करत. आमचे त्यावरून खटकेही उडायचे.

एका दुपारी मुलीला पाजून खांद्यावर घेतलं, पाठीवर हात फिरवत राहिले. ढेकर आल्यावर सवयीनं वर पाहिलं तर खोलीत कुणीच नव्हतं. सासूबाई मुलीला माझ्यावर सोपवून गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेल्या होत्या. कधी गेल्या, मला कळलंही नव्हतं. मुलगी माझ्या मुडपलेल्या हाताच्या खोबणीत झोपली होती, आणि मी कितीतरी वेळ दाराकडे पाहत बसले होते.