फ्लॉपीतली पत्रं

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी रोह्यात कॉम्प्युटर शिकवत होते. नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि ज्या क्लासात सहा महिन्यांचा कोर्स केला, तिथेच सरांनी मला शिकवायला ठेवलं. एवढीच माझी पात्रता. क्लास एसटी स्टँडजवळ, कापडाच्या दुकानाच्या वर. चार कॉम्प्युटर, त्यातला एक कायम झाकलेला, कारण तो बंद होता आणि तसं सांगणं सरांना बरं वाटत नसे. चपला बाहेर काढायच्या. का, ते कुणालाच धड माहीत नव्हतं. एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा ठाम समज होता की व्हायरस चपलांतून येतो.

खाली बोर्डावर ठळक अक्षरात ‘इंटरनेट’ लिहिलं होतं. इंटरनेट मात्र आमच्याकडे नव्हतं. ते सरांच्या पेणच्या क्लासात होतं. रोह्यातून फोन लावला की मोडेम नुसतं खाकरत बसायचं आणि लाइन तुटायची. “कुणी विचारलं तर पेणला आहे म्हणायचं,” सरांनी मला बजावलं होतं. मी स्वतः तेव्हा इंटरनेट दोनदाच पाहिलं होतं. दोन्ही वेळा एक फोटो कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरेपर्यंत सरांनी चहा संपवला होता.

एका सकाळी भाभी आल्या. त्या नदीपलीकडे अष्टमीला राहायच्या. चाळिशीच्या असाव्यात. घरी शिवणकाम करायच्या, माझ्या आईचे ब्लाउज त्याच शिवत. त्यांचे मिस्टर कुवेतला एका गोदामात स्टोअरकीपर होते. भाभींनी पर्समधून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर ऑफिसचा ई-मेल पत्ता होता, मिस्टरांनी फोनवर एकेक अक्षर सांगून लिहून घ्यायला लावलेला.

“हितून पत्र टाकलं तर पंधरा दिवस लागतात,” त्या म्हणाल्या. “ह्याच्यावरून त्याच दिवशी पोचतं म्हनं. व्हय?”

“हो, अर्ध्या मिनिटात,” मी तोऱ्यात म्हणाले. मी आजवर कुणालाही ई-मेल पाठवली नव्हती.

मग ठरलं असं. भाभी सांगणार, मी रोह्यात टाइप करून फ्लॉपीवर घेणार आणि शनिवारी पेणला शिकवायला जाते तेव्हा तिथून पाठवणार. पेणहून कुवेतला अर्धा मिनिट. रोह्याहून पेणला पॅसेंजरने पाऊण तास, ती वेळेवर आली तर. मराठी फॉन्ट तिकडे उघडत नसे, चौकोनच्या चौकोन दिसत. म्हणून भाषा मराठी आणि अक्षरं इंग्रजी.

पहिलं पत्र सांगताना भाभी खुर्चीत ताठ बसल्या होत्या, फोटो काढायला बसावं तशा.

“लिव. इकडे सर्व खुशाल. तुमची खुशाली कळवा. पाऊस बरा हाय.”

“आणखी?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. “आनि काय नाय. तब्येतीला जपा, असं लिव.”

अशी चार पत्रं गेली. चारही जवळपास सारखीच. तिकडून उत्तरंही तशीच यायची, तीन ओळींची, सगळी मोठ्या अक्षरात. मोठी अक्षरं म्हणजे इंटरनेटवर ओरडणं, हे मला पुष्कळ नंतर समजलं. तेव्हा वाटायचं, कुवेत लांब आहे म्हणून असेल.

पाचव्या वेळी भाभींनी मधेच थांबवलं.

“तुझा काय दोष नाय गो,” त्या म्हणाल्या. “पन तुझ्यासमोर नवऱ्याशी बोलायचं म्हंजे पंचायतीसमोर बोलल्यासारखं वाटतं. तू मला ही बटनं शिकव.”

मला वाटलं, आठवडाभराने सोडतील. आमच्याकडे धाटावच्या कंपन्यांतले लोक यायचे, शिफ्ट संपवून, हातांना केमिकलचा वास घेऊन. तेसुद्धा टायपिंग म्हटलं की जांभया द्यायचे. पण आमच्याकडे एक गेम होता. वरून अक्षरं पडायची आणि जमिनीला टेकायच्या आत ते बटण दाबायचं. नाही दाबलं तर खालची घरं फुटायची. सर त्याला गेम म्हणू देत नसत. पालक ऐकतील म्हणून त्याचं नाव ‘स्पीड प्रॅक्टिस’.

भाभींना त्या गेमचा विलक्षण नाद लागला. पहिले दोन दिवस त्या प्रत्येक घर फुटल्यावर “या अल्ला” म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी घरं वाचायला लागली. शिलाई मशीनवर बसून बसून त्यांचे डोळे आणि हात एकत्र चालायचे. गंमत म्हणजे पायही चालायचे, टेबलाखाली पायडल शोधत. पंधरा दिवसांत क्लासात त्यांच्याइतका स्कोअर कुणाचा नव्हता, माझाही नाही. कंपनीतले दोघे-तिघे त्यांच्या मागे उभे राहून बघायचे आणि ‘पी’ पडायला लागला की श्वास रोखायचे, कारण करंगळीचं अक्षर सगळ्यांचंच सुटायचं. गेममुळे माणूस वाया जातो असं म्हणणारे मला तेव्हाही भेटत आणि आताही भेटतात. मी वाद घालत नाही. मला भाभींची करंगळी आठवते.

मग एका शुक्रवारी त्यांनी स्वतःचं पत्र स्वतः लिहिलं. मला उठून बाहेर जाऊन उभं राहायला लावलं. दोन तास लागले. फ्लॉपी हातात देताना म्हणाल्या, “वाचायचं नाय हां.”

“नाही वाचणार.”

“शप्पत?”

“शप्पथ.”

मी खरंच वाचलं नाही. पेणला स्टेशनवर उतरले, गावात पोचले, अंगणात रंगाविना वाळत ठेवलेल्या गणपतींच्या रांगांशेजारून चालत क्लासात शिरले आणि फाइल न उघडता तशीच जोडून पाठवून दिली. परतीच्या गाडीत फ्लॉपी पर्समध्ये होती आणि मला इतकी उत्सुकता होती की खिडकीतून कासूची मिठागरं कधी मागे गेली ते कळलं नाही.

पुढच्या शनिवारी उत्तर आलं. ते सरळ पडद्यावरच उघडलं, त्यामुळे न वाचणं शक्य नव्हतं. नेहमीसारखी मोठी अक्षरं, पण या वेळी खरोखरच ओरडणारी. ‘हे कोण लिहितंय? माझ्या बायकोला कॉम्प्युटर येत नाही. तिच्या नावाने चेष्टा करू नका. आणि आमच्या दारात कोण मॅड पडला?’

मी छापलेला कागद घेऊन संध्याकाळी पूल ओलांडून अष्टमीला गेले. भाभी ओट्यावर काजं करत बसल्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत.

“तू लिवलंस ते खरं वाटलं त्याला,” त्या म्हणाल्या. “चार वेळा. एकदा पन इचारलं नाय, कोन लिवतं म्हनून. आनि मी लिवलं तर खोटं?”

मी म्हटलं, “भाभी, इंटरनेटवर असंच असतं. कोण बोलतंय ते दिसत नाही.”

“इंटरनेटचं मला सांगू नको. हे त्याच्या डोक्यातलं हाय.”

त्यांनी कागदाची घडी घातली. मग मीच घाबरत विचारलं, “पण दारात कोण पडलं?”

“माड,” त्या म्हणाल्या. “वाऱ्यानं पडला की पुढचा माड. एम, ए, डी. तूच शिकवलंस ना असं लिवायला?”

एवढं म्हणून त्यांना हसू फुटलं आणि मग ते थांबेना. माझंही. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. हसता हसता त्यांचे डोळे भरले होते. ते हसण्याचं पाणी होतं की दुसरं, ते मी विचारलं नाही.

सोमवारी त्या क्लासात आल्या आणि उभ्या उभ्याच कीबोर्ड ओढला.

“आज तू वाच,” त्या म्हणाल्या. “साक्षीदार पायजे.”

त्यांनी लिहिलं: लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आपण पुलावर गेलो होतो. तुमच्या नव्या चपलांमधली एक नदीत पडली. तुम्ही घरी सांगितलंत, मशिदीबाहेरून चोरीला गेली. मी आजपर्यंत कुणाला बोलले नाही. आता सांगा मी कोण.

शनिवारची वाट बघायची त्यांची तयारी नव्हती. मी सरांना सांगितलं की माझं डोकं दुखतंय, आणि दुपारची पॅसेंजर धरून पेणला गेले. तिथल्या क्लासच्या मॅडमना सांगितलं की सरांनी पाठवलंय. एका ई-मेलसाठी दोनदा खोटं. मोडेमने तीनदा लाइन सोडली, चौथ्यांदा लागली. पत्र गेलं. मी उगाच इकडेतिकडे क्लिक करत बसले आणि दहा मिनिटांत उत्तर समोर आलं. ते तिकडे कॉम्प्युटरसमोरच बसलेले असणार. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी इतक्या लांबून, आत्ता, उत्तर दिलं होतं, आणि तेही माझ्यासाठी नव्हतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

‘पटलं. तूच आहेस. चपलेचं कुणाला सांगू नकोस. आधीचं पत्र परत वाचलं. येतो.’

येतो म्हणजे काय, ते मला भाभींनी नंतर सांगितलं. त्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की या ईदला ब्लँकेट, अत्तर, मिक्सर काही पाठवू नका. तीन वर्षं झाली. तुम्ही या. फोनवर हे का नाही बोललात, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “फोनवर सासूबाई बाजूला असतात. नि तिकडं त्याच्या खोलीतले सहा जन.”

ते ईदला आले. उंच, आवाज दणदणीत. खजुराचा डबा घेऊन क्लासात आले, चपला काळजीपूर्वक दाराबाहेर जोडून ठेवल्या आणि मला म्हणाले, “मॅडम, ती पैली चार पत्रं तुमची होती ना? मला तेव्हाच कळायला पायजे होतं. आमच्या घरात सगळं येकदम खुशाल कधीच नसतं.” भाभी मागे उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पाठीत एक बोट खुपसलं.

दोन महिन्यांनी ते परत गेले. जावं लागणारच होतं. पत्रं पुन्हा सुरू झाली, आणि आता ती इतकी लांब असायची की एका फ्लॉपीवर किती मावतील याची भाभी चौकशी करायच्या. मोबाईलमुळे माणसं दुरावली असं हल्ली कुणी म्हणालं की मी मान हलवते. असेलही. मी मात्र एका नवरा-बायकोला कॉम्प्युटरवर भांडायला शिकताना पाहिलंय, आणि त्याआधी ते तीन वर्षं एकमेकांना खुशाली कळवत होते.

पुढच्या वर्षी रोह्यातही इंटरनेट लागलं, दोन नवे कॉम्प्युटरही आले. बोर्ड खरा झाला. अष्टमीतल्या आणखी पाच जणींचे नवरे आखातात होते. भाभी त्यांना एक दिवस धरूनच घेऊन आल्या. सरांनी दुपारची बायकांची बॅच काढली, आणि मला पेणला बदली मिळत होती म्हणून ती बॅच भाभींनीच शिकवावी असं मी सुचवलं. सर बराच वेळ झाकलेल्या कॉम्प्युटरकडे बघत राहिले, मग हो म्हणाले.

पहिल्या दिवशी मी मागे बसले होते. भाभी नवी साडी नेसून पुढे उभ्या राहिल्या. पाचजणी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, कीबोर्डला शिवायची हिंमत नव्हती. एकीने भीत भीत विचारलं, “आधी काय लिवायचं? त्यांचं नाव?”

“त्यांचं कशाला?” भाभी म्हणाल्या. “ते कुठं पळून जात नाय. आधी स्वताचं लिव.”

“स्पेलिंग?”

“तुझं नाव हाय. तुला वाटेल ते लिव.”

खोलीत पाच बोटं एकदम खाली आली.