थरथरत्या रेणूंचे शेजारी

ऋतू माणसांसाठी असतात असं आपण उगाच समजतो; आमच्या पिंपरीच्या शेजाऱ्यांच्या मते ते रेणूंसाठी असत. औषधांच्या नव्या कारखान्यात ते रसायनशास्त्रज्ञ, मी स्टोअर्समध्ये, आणि क्वार्टरची भिंत सामाईक. त्यांचा जीव जडला होता मिथिलअमीन नावाच्या एका साध्याशा वायूवर. त्याचा शिळ्या मासळीसारखा वास सदऱ्याला चिकटून घरी येई आणि कॉलनीतल्या सोवळ्या मंडळींना वाटे, गृहस्थ गुपचूप बोंबील आणतात. त्यांनी खुलासा कधी केला नाही. उलट कुणी भेटला की सुरू करीत, "रेणू म्हणजे काय पुतळा आहे? तो थरथरतो, वाकतो, एक टोक गरगर फिरवतो. जितकी ऊब जास्त, तितक्या तऱ्हा त्याला मोकळ्या. त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे पार्टिशन फंक्शन!" माझ्या बायकोनं भाबडेपणानं विचारलं होतं, "कुठल्या खोलीत घालताय पार्टिशन?" एकदा आळंदीच्या रस्त्यावर त्या रेणूतल्या हायड्रोजनची फडफड दाखवायला त्यांनी दोन्ही हात हलवले, तर येणारी एस.टी. करकचून थांबली. "चढा की राव, बिगीबिगी!" कंडक्टर ओरडला. "चढायचं नाही हो, हा रेणू आहे," हे म्हणाले. कंडक्टरनं माझ्याकडे कणवेनं पाहिलं आणि घंटी मारली.

ही बेरीज प्रत्येक तापमानाला नव्यानं करावी लागे, आणि ती त्यांच्या एकट्याची नव्हती. लॉगरिथमची कोष्टकं वहिनी, म्हणजे त्यांची बायको, वाचून दाखवीत. शाळा चौथीत सुटलेली. पण रोज संध्याकाळी मांडीवर ते पुस्तक घेऊन "शून्य, सात, आठ, दोन" असं त्या संथपणे म्हणत आणि हे लिहून घेत. अडखळल्या तर हे म्हणत, "होऊ दे सावकाश. रेणू कुठं पळून जात नाही." मूलबाळ नव्हतं. भिंतीपलीकडून मला ते एखाद्या पोथीसारखं ऐकू येई.

त्या हिवाळ्यात वहिनींना ताप भरला. मी समाचाराला गेलो, तर यांनी थर्मामीटर माझ्या हातात दिला. "तुम्ही वाचा. मला आज आकडा दिसत नाहीये." मी आकडा सांगितला; त्यांनी थर्मामीटर झटकून डबीत ठेवला. वहिनींनीच डोळे किलकिले करून विचारलं, "जास्त आहे का हो?" "थोडासा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या इस्पितळात हलवलं. वहिनी तिथून परत आल्या नाहीत.

महिनाभरानं मीच म्हटलं, "मी वाचतो कोष्टकं, तुम्ही लिहा." ते लगेच बसले. मी खणखणीत वाचत गेलो. दोनतीन ओळी झाल्या आणि त्यांनी टाक खाली ठेवला.

"तुमचं चुकत नाहीये हं," ते घाईनं म्हणाले. "पण सात म्हणताना ती जरा थांबायची. मी तेवढ्यात शाईत टाक बुडवायचो."

मग, पाहुण्याला तसंच कसं पाठवायचं म्हणून, ते चहा करायला उठले. स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. मीही मदतीला गेलो. फळीवर ओळीनं सारखेच पितळी डबे होते. एकेक झाकण उघडत आम्ही दोघं बराच वेळ साखर शोधत राहिलो.