खोडलं तिथं सही

वालूरच्या बसस्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात एक पोरगा बसायचा. कागदावर खाडाखोड झाली की शेजारी सही करायची, हा नियम त्याच्या हाडात मुरला होता. फावल्या वेळात मोबाईलवर व्हिडिओ पाहून तो प्रोग्रामिंग शिकायचा. लाइट गेली की कोड वहीत लिहायचा आणि बोट ठेवून एकेक ओळ तपासायचा. चूक सापडली की लाल पेनाने खोडून शेजारी स्वतःची सही करायचा.

“ही वही कोन तपासनार हाय रे?” मी एकदा विचारलं.

“मीच की, काका,” तो म्हणाला आणि त्याने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

नोकरीची मुलाखत त्याने दुकानातूनच दिली, व्हिडिओ कॉलवर. मी पीकविम्याच्या कामासाठी बाकड्यावर बसलो होतो. ऐन वेळी त्याचा प्रोग्राम अडकला. पुण्याचे साहेबच म्हणाले, “तुमच्याकडे नेटचा प्रॉब्लेम आहे का?” आमच्याकडे नेट रोज जातं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“नाही सर, नेट चालू हाय. माझंच चुकलंय. दोन मिनिटं द्या.”

त्याने वही ओढली, एक ओळ खोडली आणि साहेब ताटकळत असताना शेजारी सही केली.

नोकरी लागली, तो पुण्याला गेला. आता त्या खुर्चीवर दुसरा बसतो. यंदा माझा पीकविम्याचा फॉर्म परत आला, माझ्या नावाच्या जागी भलत्याचंच नाव होतं.

“ते सर्वरनं केलंय, काका,” नवा पोरगा म्हणाला.